रोखीला कढीपत्ता

काकांच्या दुकानात कढीपत्ता विकत मिळत नसे. तो फक्त फुकट मिळे, आणि तोही रोख पैसे देणाऱ्यालाच. तुम्ही महिन्याचा किराणा भरलात आणि शेवटी कार्ड पुढे केलंत, तर काका कार्ड घेत, मशीनला लावत, पावती हातात देत, ‘थँक यू’ही म्हणत, पण काउंटरखालचा स्टीलचा डबा काही उघडत नसत. तुमच्या मागे उभा असलेला मुलगा नुसत्या हिरव्या मिरच्या घेऊन आलेला असे. तो दोन चुरगळलेल्या नोटा ठेवी आणि त्याच्या पिशवीत कढीपत्त्याच्या हिरव्यागार काड्या पडत.

“काका, मला विकत द्या ना. काय होतील ते पैसे घ्या.”

“विकायचा नाही तो.”

“मग फुकट द्या.”

“तुला कुठून देऊ? तुझा कढीपत्ता मशीननं खाल्ला.”

यावर कुणी वाद घातलाच, तर काका ठरलेलं वाक्य ऐकवत. “तू आणि मी जेवायला बसलोय. तू गिऱ्हाईक, मी दुकानदार. मध्येच हा तिसरा ताट घेऊन कोण बसतो? बरं, एकदा बसला तर बसला. हा रोज येतो, आणि आपल्याला वाढायच्या आधी जेवतो.”

तिसरा म्हणजे कार्डाची फी. गिऱ्हाइकानं कार्ड वापरलं की दुकानदाराच्या पैशांतून बँका आणि कार्ड कंपन्या आपला वाटा कापून घेतात. गिऱ्हाइकाला तो दिसत नाही. बाकीच्या दुकानदारांना तो महिन्याच्या शेवटी दिसतो. काकांना तो प्रत्येक स्वाइपला दिसायचा.

पेन्सिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावी आपल्याकडचं सामान मिळणारी दुकानं फार नव्हती. विद्यापीठाच्या बसच्या शेवटच्या स्टॉपजवळ, नाणी टाकून कपडे धुवायच्या एका लाँड्रोमॅटच्या शेजारी काका-काकूंचं दुकान होतं. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा मला अमेरिकेत येऊन आठवडाही झाला नव्हता. समोरच्याचं इंग्रजी कळायला मला वेळ लागत होता आणि माझं त्याला कळायला त्याहून जास्त. काउंटरमागे दोन स्वेटर एकावर एक घातलेले गृहस्थ होते. ऑगस्टचा महिना होता. माझ्या हातातली पोह्यांची पिशवी बघून त्यांनी विचारलं, “कुठली?”

“जिंतूर.”

“म्हणजे परभणी.”

त्या देशात परभणी माहीत असलेला माणूस भेटला म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. मी आनंदानं विद्यापीठानं उघडून दिलेल्या खात्याचं कार्ड पुढे केलं आणि कढीपत्त्याविना घरी आले.

त्या दिवसापासून काकांनी मला जिंतूर म्हणूनच हाक मारली. ते कुणालाच नावानं ओळखत नसत. माझी रूममेट नागपूर, तिचा मित्र चिंचवड, आणि दर शनिवारी मसूर न्यायला येणारे उंच गोरे प्राध्यापक म्हणजे पिट्सबर्ग. प्राध्यापकांना आपण असे ओळखले जातो याचं फार कौतुक होतं.

आम्ही सगळी शहाणी मुलं. कढीपत्त्यासाठी एटीएममधून रोख काढायला लागलो. नागपूर एकदा दुकानाबाहेर पिशवी उघडून म्हणाली, “यार, या एवढ्याशा पानांसाठी आपण एटीएमला तीन डॉलर फी दिली.” मी संख्याशास्त्रात पीएचडी करायला आले होते. हा व्यवहार तोट्याचा आहे हे मला कळत नव्हतं असं नाही. पण वरणाला कढीपत्त्याची फोडणी बसली की ते कळणं मागे पडे.

काकांचे इतर नियमही होते. गिऱ्हाईक सामान घेऊन आलं की ते “काय करणार?” विचारत, आणि उत्तर पटलं नाही तर वस्तू परत घेत. “साबुदाणा आज भिजवणार आणि आज खिचडी करणार? ठेव तिथेच. उद्या ये.” एकदा तूरडाळीच्या पिशव्या आल्या त्या वजनाला किंचित कमी भरत होत्या. काकांनी त्या परत पाठवल्या नाहीत, स्वस्तही केल्या नाहीत. प्रत्येक पिशवीवर मार्करनं ‘कमी भरते’ असं लिहिलं, आणि पिशवी विकली की शेजारच्या पोत्यातली मूठभर डाळ वर घातली. त्या पिशव्या इतर कुठल्याही डाळीपेक्षा लवकर संपल्या.

कढीपत्ता मात्र काकूंचा होता. दुकानाच्या मागच्या खोलीला दक्षिणेकडे मोठी खिडकी होती. तिथे काकूंनी बियांपासून वाढवलेली झाडं कुंड्यांत उभी होती, काही तर काकूंपेक्षा उंच. पेन्सिल्व्हेनियाच्या हिवाळ्यात ती जगवणं सोपं नव्हतं. काकू त्यांना दिवे लावत, कुंड्यांखाली जुनी घोंगडी घालत, पानांवर कीड दिसली की एकेक पान ओल्या फडक्यानं पुसत. काउंटरवरून काकांचं तत्त्वज्ञान ऐकू आलं की आतून त्यांचा आवाज येई, “फी त्यांची, तत्त्व ह्यांचं, आणि पानं पुसतेय मी.”

“ऐकलंस का जिंतूर? आमच्या घरातसुद्धा तिसरा आहे.”

“तिसरी कोण ते माहितीय. म्हणून तर जेवण मिळतं,” आतून काकू.

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिलीच. बाबांचं जिंतूरला सायकल दुरुस्तीचं दुकान, आई त्यांना पंक्चर काढायला मदत करायची. पीएचडीचा डिफेन्स, म्हणजे प्रबंधाची जाहीर तोंडी परीक्षा, ठरला तेव्हा इथल्या मुलांचे आईवडील कुठून कुठून विमानानं येत होते. माझे येणार नव्हते; व्हिसाचा आणि तिकिटाचा विचारही आम्ही कधी केला नव्हता. मी काकांना सहज तारीख सांगितली होती. त्या दिवशी मी स्लाइड लावून मागे वळले तर पहिल्या रांगेत काका एकच स्वेटर घालून, आणि शेजारी काकू नारिंगी साडीत. दुकानाला कुलूप होतं. ते दुकान भर दुपारी बंद असलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

माझं बोलून झालं. प्रश्न विचारा म्हटल्यावर प्राध्यापकांच्या आधी काकांनी हात वर केला. इंग्रजीत विचारलं, “हे तुझं गणित चुकलं, तर भुर्दंड कुणाला?”

वर्ग हसला. माझे गाइड हसले नाहीत. ते म्हणाले, “याचं उत्तर दे. मीही तेच विचारणार होतो.” मला उत्तर द्यायला बराच वेळ लागला. आजही कामाच्या ठिकाणी कुठलाही अंदाज बांधला की मी आधी तोच प्रश्न स्वतःला विचारते. मी जे काही शिकले त्यातलं ते एक वाक्य दुकानदाराकडून शिकले असं म्हटलं तरी चालेल.

नंतर मला अटलांटाजवळ अल्फारेटाला नोकरी लागली. कंपनी कार्डाच्या व्यवहारांची. मी घाबरतच काकांना सांगितलं.

“म्हणजे ताट घेऊन बसणाऱ्यांत गेलीस.”

“काका, मी फक्त फसवणुकीचे व्यवहार शोधते.”

“मग घरच्यांपासून सुरू कर.”

पण निघायच्या दिवशी त्यांनी मला प्रवासापुरती मेथीची ठेपली बांधून दिली. मी रोख पैसे पुढे केले तर म्हणाले, “आज दुकान बंद आहे,” आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

काही वर्षांनी एका संध्याकाळी काकूंचा फोन आला. काकू कधी फोन करत नसत. करायचे ते काका, आणि तेही शब्दकोड्यातला एखादा शब्द अडला तर. काकूंनी आधी माझ्या मुलीची चौकशी केली आणि मग म्हणाल्या, “अगं, दुकान बंद होतंय.”

इमारत पाडून तिथे विद्यार्थ्यांसाठी उंच अपार्टमेंट होणार होतं. भाडेकरार संपला की जागा सोडायची. त्यांचा मुलगा दुसऱ्या राज्यात, नोव्हायला असतो, गाड्यांच्या कंपनीत. त्याचं म्हणणं, आई-बाबांनी त्याच्याकडे यावं. बेसमेंट छान फिनिश करून घेतलंय.

“मुलगा चांगला आहे गं, सूनही चांगली आहे. पण त्या बेसमेंटला खिडकी आहे ती मांजर जाईल एवढी. झाडं कुठे ठेवू? आणि मला या गावाची सवय झालीय. इथे लायब्ररीजवळ एक छोटा फ्लॅट बघून ठेवलाय मी, पाऊण भिंत खिडकी आहे त्याला. पण हे म्हणतात, पेन्शनीत भाडं भागणार नाही, हीटिंगचं बिल कुठून द्यायचं.”

मग त्या मुद्द्यावर आल्या. कार्डाच्या फीबद्दल कसलीतरी पत्रं येत होती. काकांनी ती न वाचता कुंड्यांखाली पाणी टिपायला घातली होती. आणि मग टाय लावलेला एक माणूस दुकानात येऊन म्हणाला, तुम्हाला पैसे मिळायचे आहेत, आम्ही सगळे कागद करतो, आलेल्या पैशांतला तिसरा हिस्सा आमचा.

“ह्यांनी काय केलं असेल?”

“ताट?”

“हो. म्हणाले, हा तर ताटच काय, पातेलं घेऊन आला. घालवून दिलं त्याला. पण मला सांग, ते पैसे खरे आहेत का?”

पैसे खरे होते. ऑफिसात त्याबद्दल बोललं जात होतंच. दुकानदारांनी फार पूर्वी कार्ड कंपन्यांवर आणि बँकांवर दावा लावला होता: तुम्ही आपसांत ठरवून फी चढी ठेवलीत. बरीच वर्षं भांडून शेवटी तडजोड झाली. त्या ठरावीक वर्षांत ज्या दुकानांनी ती कार्डं घेतली, त्या सगळ्यांनी आपापला वाटा मागायचा होता. मी काकूंना शक्य तितकं सोपं करून सांगितलं. कुणा एजंटची गरज नाही. कोर्टानं नेमलेल्या लोकांकडे थेट क्लेम करता येतो, तो फुकट असतो. जुन्या पावत्या शोधायला नकोत. दुकानाचा टॅक्स नंबर दिला की कोणत्या दुकानानं साधारण किती फी भरली याचा अंदाज त्यांच्याकडेच असतो, आणि तो पटला नाही तर तसं कळवता येतं. पत्र भिजलं तरी हरकत नाही. दुकान पुढे बंद झालं तरी हक्क जात नाही. फक्त मुदत पाळायची.

“आणि किती मिळतील?”

“ते कुणालाच सांगता येणार नाही, काकू. सगळ्यांचे क्लेम आल्यावर त्या प्रमाणात वाटणी होणार. कमीही असतील. आणि केव्हा मिळतील तेही माहीत नाही.”

“नसू दे. हिवाळ्याचं हीटिंग निघालं तरी ह्यांचं तोंड बंद होईल. तू ह्यांच्याशी बोल.”

मी बोलले. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, ही तर त्यांच्या आयुष्यभराच्या म्हणण्यावर कोर्टाची मोहोर आहे. ते खूष होतील.

“मला नको,” काका म्हणाले.

“का?”

“माझं काही गेलेलं नाही. फी मी भरली, खरं. पण कार्डवाल्याचा कढीपत्ता मी कापला. वसूल झालं. आता परत कोर्टाकडून घेऊ? एका डाळीचे दोनदा पैसे?”

मला हसू आलं, मग कळलं की हे गंभीर आहे. काकांच्या मनात तो कढीपत्ता म्हणजे चिडवणं नव्हतंच. तो हिशेब होता. इतकी वर्षं ते स्वतःला सांगत आले होते की फी बरोबर गिऱ्हाइकापर्यंत पोचवली आहे, आणि म्हणून कुणाचं कुणाकडे काही राहिलेलं नाही. दुसऱ्या कुठल्या दुकानदारानं किमती वाढवून फी वसूल केली असती आणि क्लेमही केला असता. त्याला त्यात काही वावगं वाटलं नसतं आणि कायद्यालाही नाही. भरणाऱ्यानं ती पुढे कुणाकडून काढली, हे कोर्ट विचारतच नव्हतं. मी काकांना तसं म्हटलंही.

“कोर्टानं विचारलं नाही म्हणून मी सांगू नये?”

“काका, तुम्ही नाही मागितलं तर ते पैसे तुमच्या गिऱ्हाइकांना जाणार नाहीत. ज्यांनी मागितलं त्यांच्यातच वाटले जातील. मोठमोठ्या दुकानांना.”

“त्यांना पचेल. मला पचायचं नाही.”

शेवटी म्हणाले, “त्यांना विचारू. त्यांनी हो म्हटलं तर बघू.” क्लेमच्या चौकशीसाठी फोन नंबर होता. मी अल्फारेटाहून, काका दुकानातून, असा तिघांचा कॉल लावला. पलीकडे एक बाई होत्या, आवाजावरून वयस्क आणि अतिशय सभ्य. काकांनी त्यांना पहिल्यांदा विचारलं, “तुम्ही कुठल्या?”

“सर, मी तुमचा टॅक्स नंबर घेऊ का?”

“नंतर. आधी गाव.”

त्यांनी ओहायोमधल्या कुठल्याशा गावाचं नाव सांगितलं. काकांनी त्यांना त्या गावाच्या नावानं हाक मारत सगळी गोष्ट समजावली: तिसरा माणूस, ताट, स्टीलचा डबा, पानं.

“सर, मला नीट समजू द्या. तुम्ही करी विकता?”

“विकत नाही. पान आहे. फुकट देतो.”

“मग गिऱ्हाइकाकडून तुम्ही जास्तीचे पैसे घेतले नाहीत.”

“पैसे नाही. पान दिलं नाही.”

थोडा वेळ शांतता होती. “सर, फुकट न दिलेल्या वस्तूसाठी आमच्याकडे रकाना नाही.”

“मग मी वसूल केलं की नाही?”

“सर, माझ्या माहितीप्रमाणे तुम्ही क्लेम करू शकता.”

“हे लेखी द्याल?”

“पानांबद्दल लेखी देता येणार नाही, सर.”

काकांनी त्यांचे आभार मानले आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाले, “बाई भली होती. पण तिला प्रश्नच कळला नाही.” मागून काकूंचा आवाज आला, “कळला तिला. म्हणून तर गप्प बसली होती बिचारी.”

मुदत जवळ येत होती आणि फ्लॅटचा मालक काकूंना उत्तर विचारत होता. ऑक्टोबरमध्ये मी आणि नवरा मुलीला घेऊन पेन्सिल्व्हेनियाला गेलो. पानझडीआधी झाडांची पानं रंगतात ती बघायला, असं सांगून. दुकानात अर्ध्या फळ्या रिकाम्या झाल्या होत्या. माझ्या मुलीला काकांनी विचारलं, “कुठली?” ती म्हणाली, “अल्फारेटा.” त्यांनी मान डोलावली. “बरोबर. खरं सांगतेस.”

मी मागच्या खोलीत गेले. काकू फडक्यानं पानं पुसत होत्या. इतकी झाडं नोव्हायला नेणार कशी, म्हणून त्यांनी काही लोकांना द्यायची ठरवली होती; कोणतं कुणाला ते ठरत नव्हतं. “ही थोरली तर जागा बदलली तरी रुसते,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या कुंडीकडे वळल्या.

मी बाहेर आले.

“काका, माझ्या डिफेन्सला तुम्ही एक प्रश्न विचारला होता. आठवतो?”

“न आठवायला काय झालं.”

“मग तोच मी विचारते. तुमचं हे गणित चुकलं, तर भुर्दंड कुणाला?”

ते फळीवरच्या पिशव्या सरळ करायला लागले, तरी मी थांबले नाही.

“फी दुकानाची गेली. वसुली कढीपत्त्यात झाली म्हणता. पण रोखवाल्यांना जो फुकट दिलात तो कुणाचा होता? कार्डवाल्यांचा वाचवलात म्हणता, पण वाचलेली पानं दुसऱ्या दिवशी तुम्ही वाटूनच टाकत होतात. दुकानाच्या गल्ल्यात त्यातलं काय आलं? दोन्हीकडून गेलं ते काकूंचं. आता क्लेम केला नाहीत तर खिडकीपण त्यांचीच जाणार.”

काकांनी दोन्ही स्वेटरांच्या बाह्या वर ओढल्या. लाँड्रोमॅटमधलं मशीन भिंतीपलीकडे घरघरत होतं. मग ते म्हणाले, “हे तुला आत्ता सुचलं?”

“नाही. अटलांटाहून ड्राइव्ह करताना. आणि अर्धं काकूंचं आहे.”

“वाटलंच. गल्ल्याचा मुद्दा तिचा.”

पण काका असे सरळ हो म्हणणारे नव्हते. त्यांनी अट घातली: आधी आपलं देणं, मग आपलं घेणं. ज्या कार्डवाल्यांना कढीपत्ता मिळाला नाही त्यांना तो द्यायचा, आणि मगच क्लेम.

“माझी झाडं भादरणार का?” काकू कात्री घेऊनच बाहेर आल्या.

“उसनी दे.”

“अहो, पानं उसनी कशी देतात? परत कुठून आणणार तुम्ही?” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, दुकानाकडे बघितलं, आणि म्हणाल्या, “देते. मी स्वतः कापेन, तुम्ही कात्रीला हात लावायचा नाही. आणि शेवटची काडी गेली की क्लेम. त्यात बदल नाही.”

दुसऱ्या दिवशी दारावर काकांच्या अक्षरात पाटी लागली, मराठीत आणि इंग्रजीत. ज्यांनी या दुकानात कार्डानं पैसे दिले आणि ज्यांना कढीपत्ता मिळाला नाही, त्यांनी येऊन घेऊन जावा. पावती नको. तोंडी सांगितलं तरी चालेल. एजंट आणू नये. मुदत, दुकान बंद होईपर्यंत.

कुणी तरी पाटीचा फोटो काढून जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला. मग लोक आले. काही गाडी काढून दुसऱ्या गावांहून आले. मसूरवाले पिट्सबर्ग आले आणि म्हणाले, आपण इतकी वर्षं कार्ड देत होतो, आपल्याला असं काही पान असतं हेच माहीत नव्हतं. काकूंनी त्यांना भली मोठी जुडी दिली आणि फोडणी कशी करायची ते तोंडी सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. टेक्सासला गेलेल्या नागपूरनं व्हॉइस मेसेज पाठवला, “काका, माझ्या हिशेबानं माझं अख्खं एक झाड निघतं, यार.” काकांनी उलट मेसेज केला, “तू एटीएमची पोरगी. तुला मिळालेला आहे. खोटे क्लेम नाकारले जातील.”

मध्येच कोर्टाची मुदत एकदा वाढली. काका खूष. “बघ, त्यांनापण पानं वाढायला वेळ लागतो.”

माझ्या वाट्याचं पार्सल अल्फारेटाला आलं. ताजी पानं टपालानं पाठवायची की नाही अशी शंका आली म्हणून काकूंनी वाळवून चटणी केली होती. बरणीवर काकांनी लिहिलं होतं, ‘जिंतूर, पहिला ऑगस्ट.’ मी त्यांना फोन करून म्हटलं, त्या पहिल्या दिवशीचं कार्ड मला तर आठवतही नव्हतं. काका म्हणाले, “कुणालाच आठवत नाही. म्हणूनच घेणाऱ्यानं लक्षात ठेवायचं असतं.”

दुकान बंद व्हायच्या आठवड्यात झाडांवर शेंड्याची दोन-दोन पानं उरली होती. काकूंनी पाटी काढली, हात पुसले आणि मला फोन केला. मी इकडे लॅपटॉप उघडला, त्यांनी तिकडे टॅब्लेट. क्लेम भरायला चहा गार व्हायलाही लागत नाही तेवढा वेळ लागला. दुकानाचं नाव, टॅक्स नंबर, पत्ता. पत्ता नव्या फ्लॅटचा द्यायचा की नोव्हायचा, असं मी विचारलं, तेव्हा काकू थांबल्या.

काका मागून म्हणाले, “लायब्ररीजवळचा घाल.” मग थोड्या वेळानं, “आणि सही तिची. दुकान दोघांच्या नावावर आहे. तिसऱ्यानं खाल्लं ते तिचं आहे.”

फ्लॅटची अनामत त्यांनी फ्रीजर आणि फळ्या विकून भरली. मुलगा नोव्हायहून ट्रक घेऊन आला, बेसमेंटचं काही बोलला नाही, आणि त्यानं कुंड्या एकेक करून वर चढवल्या. क्लेम मिळाल्याची पोच आली. पैसे आलेले नव्हते, आणि हे लिहीपर्यंतही काकूंनी ते आल्याचं कळवलेलं नाही. पण “कुठून द्यायचं” हे वाक्य काकांनी पुन्हा उच्चारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी एका कामासाठी पिट्सबर्गला गेले होते, तिथून त्यांच्याकडे गेले. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. पाऊण भिंत खिडकी, आणि तिच्यात उघड्या काड्यांना कोवळी पोपटी पानं फुटलेली. दार काकांनी उघडलं. स्वेटर एकच होता.

“जिंतूर, बसस्टॉपवरून आलीस ती कशी?”

“ॲपवरून गाडी बोलावली.”

“पैसे?”

“कार्डानं, काका. आपोआप कापले जातात.”

“मग नुसता चहा मिळेल.”

काकूंनी आत पोह्यांची फोडणी घातली. वास खोलीभर आला. त्या खिडकीपाशी आल्या, थोरल्या झाडाची एक काडी मोडली आणि काकांच्या समोरून आत घेऊन गेल्या. “अहो, तो नियम दुकानाचा होता. झाड माझं आहे.”

टेबलाशी दोनच खुर्च्या होत्या. काकांनी बेडरूममधून एक स्टूल आणून ठेवलं आणि मांडणीतून आणखी एक ताटली काढून माझ्यासमोर ठेवली. काकू कढई घेऊन आल्या आणि सवयीनं आधी त्यांच्या ताटलीकडे वळल्या. काकांनी हातानं थांबवलं.

“आज तिसऱ्याला आधी वाढ,” ते म्हणाले.